ट्रायल बाकी

१

गाडी चालू होत नाही म्हणजे काय? आणि तीही माझ्या हातून?

बावीस वर्षं मी हा धंदा करतेय. बाईमाणूस काय गाड्या दुरुस्त करणार म्हणून नाक मुरडत आलेले कितीतरी जण गुपचूप किल्ली घेऊन परत गेलेत. गाडी कुठे अडलीय ते मला नुसत्या किकच्या आवाजावरून कळतं. आणि त्या गुरुवारी एका साध्या, जुन्या, एका सिलिंडरच्या मोटारसायकलने माझी जी फजिती केली, ती आठवली की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

गाडी माझ्या धाकट्या भावाची. वडिलांच्या मागे हे गॅरेज आम्ही दोघांनी चालवलं. वर्षापूर्वी तो हीच गाडी घेऊन निघाला आणि नाल्याजवळच्या वळणावर पडला. डोकं कठड्यावर आपटलं, जागीच गेला. गाडीला फार काही झालं नव्हतं. हँडल वाकलं, डावा आरसा फुटला, चेन उतरली, बस्स. पोलिसांच्या आवारातून मीच ती ओढून आणली, मागच्या भिंतीला लावली आणि वर ताडपत्री टाकली. वर्षभर त्या कोपऱ्यात झाडूसुद्धा मारला नाही. राग होता मला त्याचा. बायको घरी वाट बघतेय, मोठी बहीण गॅरेजमध्ये राबतेय, आणि हे महाशय वळणावर वेगात!

ती ताडपत्री काढायला लागली वहिनीमुळे. वहिनी म्हणजे धाकट्याची बायको. नर्स आहे.

"ताई, सोमवारपासून नोकरी लागली," ती म्हणाली. "हॉस्पिटल तीस किलोमीटरवर आहे. सकाळी सातला हजर व्हायचंय, आणि पहिली बस पोचते आठला. मला त्याची गाडी चालू करून द्या."

"माझी स्कूटर ने की."

"नको. मला त्याचीच हवी." एरवी ती कधी हट्ट करत नाही. "एकदा ही नोकरी हुकलीय ताई. परत हुकली तर ते मला दारातसुद्धा उभं करणार नाहीत."

"अगं, रविवारी संध्याकाळी येऊन घेऊन जा. आहे काय त्यात!"

आहे काय त्यात. माझ्याच तोंडाने म्हटलं मी.

२

गाडी चालू व्हायला चार गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा, करंट आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. पाचवी लागत नाही. हे मला वडिलांनी शिकवलं आणि मी धाकट्याला.

हँडल सरळ केलं. टाकीतलं शिळं पेट्रोल ओतून टाकलं, ताजं भरलं. कार्बोरेटर खोलून धुतला, जेट तोंडाने फुंकून बघितले. हवेची जाळी नवी टाकली. प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि किक मारली, तर निळीशार ठिणगी टचकन उडाली. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून किक मारली, तर अंगठा फेकला गेला. चारही गोष्टी जागच्या जागी.

प्लग बसवला. किक. काही नाही.

पन्नास किका मारल्या. इंजिन नुसतं खोकतसुद्धा नव्हतं. बंद गाडी निदान फुसफुसते, एखादा फटका देते. ही नुसती बसली होती, रुसलेल्या पोरासारखी. पाय भरून आला. मी तिला आणि तिच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या.

मागच्या चाकाकडे बघायचा प्रश्नच नव्हता. एक तर चाकाचा आणि गाडी चालू होण्याचा संबंध नसतो. शिवाय धाकटा गेला त्याच सकाळी मागचं चाक मी स्वतः बसवलं होतं, आणि आमच्या गॅरेजचा नियम आहे, नट आवळला की त्याच्यावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की त्या नटाला पुन्हा हात लावायचा नाही. मागच्या सगळ्या नटांवर ठिपके होते, अगदी टवटवीत.

चहाला उठले तेव्हा दिसलं. मागच्या सीटचं डावं फूटरेस्ट खाली होतं. मी सकाळी गाडी पुसताना दोन्ही दुमडून वर केली होती. स्प्रिंग सैल झाली असणार. मी चपलेच्या टोकाने ते वर ढकललं. खट आवाज करून ते घट्ट बसलं. स्प्रिंग चांगली कडक होती.

३

शुक्रवारी शेजारच्या वेल्डरला हाक मारली. गाडी ढकलून चालू करायची म्हटलं. तो पुढे बसणार, मी मागून ढकलणार. तो बसला तर वाऱ्याने उडेल इतका बारीक माणूस.

"ताई, मी ढकलतो ना, तुम्ही बसा."

"गप बस. क्लच नीट सोड म्हणजे झालं."

गॅरेजसमोरची गल्ली सपाट आहे. मी दोन्ही हात सीटच्या मागच्या दांडीवर लावले आणि जोर लावला. गाडी हलेना. ब्रेक दाबलाय का विचारलं, तर नाही. गिअरमध्ये आहे का, तर नाही, न्यूट्रल. परत जोर लावला. हलली, पण कशी? पोटभर जेवलेल्या माणसाला ओढून उठवावं तशी.

"अरे, काय दगड बांधून बसलायस?" मी ओरडले.

"तुम्ही पण बसलात काय मागे?" तो पुढे बघतच हसत म्हणाला. "गाडी मागे दबली एकदम."

मी मागेच होते, दोन्ही पाय जमिनीवर. माझ्या नजरेसमोर मागचे शॉकअप दोन बोटं खाली गेलेले होते. वेल्डरच्या वजनाने ते अर्धं बोटसुद्धा जात नाहीत. मी दांडी सोडून सीटवर हात ठेवला. गल्लीत सावली होती, सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते. सीटचा मागचा भाग गरम होता, नुकतंच कोणी उठावं तसा.

वेल्डरने मान वळवली. माझ्याकडे बघितलं, मग रिकाम्या सीटकडे. मग तो उतरला, घाईने, आणि गाडी माझ्या हातात देऊन दुकानाकडे निघाला.

"माझा जॉब पडलाय ताई," तो म्हणाला. "जाऊ द्या ना ही गाडी. भंगारात घाला."

"भित्रा कुठला!" मी म्हटलं. एकटीनेच गाडी आत घेतली. आता ती हलकी होती. दोन्ही फूटरेस्टं खाली होती.

शॉकअपचं तेल गेलं असणार. वर्षभर उभी गाडी, सील वाळतात. सीट काळी, काळं लवकर तापतं. ही सगळी कारणं मी स्वतःला मोठ्याने सांगितली, कारण दुसरं कोणी सांगायला नव्हतं.

४

फूटरेस्टं खाली म्हणजे काय, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी ते मनात येऊ दिलं नव्हतं इतकंच.

आमच्याकडे दुरुस्तीनंतरची ट्रायल कधी एकट्याने घेतली जात नसे. मी पुढे, धाकटा मागे. पुढे बसणाऱ्याला इंजिन कळतं. मागचं चाक डुलत असेल तर ते मागे बसणाऱ्यालाच कळतं. गाडीच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तो माझ्या उजव्या खांद्यावर थाप मारायचा. एक थाप म्हणजे ठीक आहे, जाऊ दे. दोन थापा म्हणजे थांब, काहीतरी सैल आहे. मी गाडीवर बसले की तो आधी फूटरेस्टं पाडायचा. खट, खट. "चल फोरमन," म्हणायचा. मला फोरमन म्हणायचा मेला.

शनिवारी मी दोन्ही फूटरेस्टं वर केली आणि बारीक तारेने करकचून बांधली. चार पीळ दिले, पक्कडने.

दुपारी वहिनी आली, गाडी कुठवर आली बघायला. स्टुलावर बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"होईल ना ताई?"

"होईल. होणार नाही तर जाते कुठे."

ती गाडीकडे बघत होती. मला ठाऊक होतं ती आता काय बोलणार. वर्षभर दर आठवड्याला तेच बोलते.

"त्या दिवशी माझी मुलाखत होती याच हॉस्पिटलात. बस चुकली म्हणून मी त्याला फोन केला, लवकर ये, लवकर ये. मी तो फोन केला नसता तर त्याने घाई केली नसती."

मी जेटमधून सुई फिरवत होते. खरं तर जेट स्वच्छ होता.

"माझ्या घाईने गेला तो," ती म्हणाली.

खट.

"काय पडलं?"

"काही नाही. जुनी गाडी आहे," मी म्हटलं.

खट.

वहिनी उठली. "उद्या संध्याकाळी येते," म्हणाली आणि गेली. ती गल्लीच्या टोकाला दिसेनाशी होईपर्यंत मी वळले नाही. मग वळले. दोन्ही फूटरेस्टं खाली होती. तार तुटलेली नव्हती. ती सोडवलेली होती, पीळ उलटे फिरवून, आणि तिची लहानशी गुंडाळी करून टाकीवर ठेवलेली होती. अशी गुंडाळी दोन बोटांभोवती होते. उरलेली तार मी कधीच गुंडाळत नाही, फेकून देते. धाकटा माझ्यामागून उचलत फिरायचा.

मला भीती वाटली का? वाटली. पण त्याच्याहून जास्त संताप आला. मेलास ना? मग मला उद्योग का लावतोस? तुझ्या बायकोची नोकरी आहे, माझी नाही! मी ती तार उचलून रस्त्यावर भिरकावली.

५

रविवारी सकाळी अकराच्या उन्हात मी गाडी गल्लीत काढली. वेल्डरचं दुकान बंद. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत होते. मी किक मारायला लागले. वीस, तीस, चाळीस. घाम डोळ्यांत जायला लागला. एकदा किक उलटी येऊन नडगीवर बसली आणि माझा सगळा संयम सुटला.

"काय पाहिजे तुला?" मी भर गल्लीत ओरडले. "ट्रायल पाहिजे ना? बस! बस मागे! चल, घेते ट्रायल! एकदाचं काय ते संपव!"

गच्चीवर कोणीतरी डोकावून गेलं. वेडी म्हणाले असतील.

मी गाडीवर बसले. स्टँड काढला. दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभी राहिले.

खट. खट.

मागे गाडी हळूच खाली बसली. दोन बोटं. माझ्या पाठीला ऊब लागली, कोणी अगदी जवळ बसल्यावर लागते तेवढी. मी मागे बघितलं नाही. मला मागे बघायचंच नव्हतं.

अर्ध्या किकमध्ये गाडी चालू झाली. इतकं गोड इंजिन मी वर्षभरात ऐकलं नव्हतं.

गिअर टाकला, निघाले. गल्ली संपली, पाण्याच्या टाकीकडचा रुंद रस्ता लागला. दुसरा, तिसरा. पुढे सगळं ठीक होतं. हँडल सरळ, इंजिन मोकळं. मला काहीच चुकीचं जाणवत नव्हतं. मनात म्हटलं, बघ, आहे का काही? उगाच छळलंस.

उजव्या खांद्यावर थाप पडली.

एक.

थांबेल आता, असं वाटलं मला. देवा, एवढ्यावरच थांबू दे.

दुसरी पडली.

मी उजव्या आरशात बघितलं. माझा खांदा, माझा निळा डगला. डगल्याचं कापड खांद्यावर दाबलं गेलेलं होतं, पुढे चार ठिकाणी खळ्या पडल्या होत्या आणि मानेच्या बाजूला एक, अंगठ्याची. त्यांच्यावर काहीच नव्हतं. ऊन होतं फक्त. मी बघत असताना त्या खळ्या हळूहळू भरून आल्या.

गाडी रस्त्याच्या कडेला कशी घेतली ते आठवत नाही. मेन स्टँडवर लावली, मागच्या चाकापाशी उकिडवी बसले. एक्सलच्या, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या, नटावर पांढरा ठिपका होता, टवटवीत. मी त्या नटाला दोन बोटं लावली. पाना नाही, दोन बोटं.

नट फिरला.

६

आता सांगून टाकते. त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. कशावरून, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मला घाई असली की मी आधी सगळ्या नटांवर ठिपके द्यायची आणि मग ओळीने आवळत जायची. ब्रश एकदाच बुडवावा लागतो. धाकट्याने ते बघितलं. "ताई, आधी ठिपके देतेस? एखादा राहिला तर? ठिपका बघून कोणी परत हात लावणार नाही." बरोबर बोलला होता. म्हणूनच मला झोंबलं. "तुला नाक पुसायला मी शिकवलं, तू मला पाना धरायला शिकवणार?" तेवढ्यात वहिनीचा फोन आला. फोन ठेवून तो म्हणाला, "ट्रायल घेऊ, दोन मिनिटं लागतील." मी हातातला पाना जमिनीवर आपटला आणि म्हटलं, "चालता हो."

तो मागच्या एक्सलचा पाना होता.

आणि चेन. चाक सरकल्याशिवाय ती चेन उतरत नाही. पडल्यावर उतरली असेल, असं पोलिसांना मीच सांगितलं. मेकॅनिकचा शब्द कोण खोडणार? पोलिसांच्या आवारात ती मी हाताने चढवली, आणि ती फार सहज चढली, चाक सैल असल्यासारखी. ते तेव्हाच माझ्या बोटांना कळलं होतं. मी बोटांचं ऐकलं नाही.

गाडी ढकलत गॅरेजमध्ये आणली. नट आवळला, जीव खाऊन आवळला. मनात म्हटलं, झालं तुझ्या मनासारखं? आता वहिनी सुखरूप जाईल. कोणाला काही सांगायची गरज नाही. किक मारली.

काही नाही.

दुपारभर मारली. काही नाही. फूटरेस्टं खाली, सीट गरम. तो बसून होता.

पाचला वहिनी आली. हेल्मेट घेऊनच आली होती.

"झाली?"

तोंडाशी खोटं तयार होतं. इंजिन गेलंय म्हणणार होते, माझी स्कूटर ने म्हणणार होते. तिने माझा चेहरा बघितला आणि डोळे भरून म्हणाली, "जाऊ दे ताई. माझंच नशीब. तेव्हाही माझ्याच घाईने..."

"तुझ्या घाईने नाही," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. ठिपके, भांडण, पाना, चेन. एका दमात. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

तिने हेल्मेट स्टुलावर ठेवलं.

"म्हणजे तो वेगात नव्हता."

"नव्हता."

"आणि माझा फोन..."

"फोनचा काही संबंध नाही."

"वर्षभर," ती म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "वर्षभर मी तो फोन उशाशी घेऊन नुसती पडून राहिले, झोपले नाही. इथे येऊन तुमच्यासमोर रडत होते. तुम्ही समोर बसून बघत होतात ताई!"

"मला नक्की माहीत नव्हतं गं."

"चेन तुम्हीच चढवलीत ना?"

मेकॅनिकची बायको होती शेवटी. मी मान खाली घातली.

"पाना द्या."

दिला. ती मागच्या चाकापाशी बसली आणि एक्सलचा नट स्वतः आवळून बघितला. मग ब्रेकचा. मग पुढच्या चाकाचे. प्रत्येक नटावरचा पांढरा ठिपका नखाने खरवडून काढला आणि मगच पाना लावला. अर्धा तास लागला. मी रंगाची डबी पुढे केली, तर तिने ती हाताने बाजूला सारली.

हेल्मेट घातलं, बसली. किक मारली. पहिल्याच किकला गाडी चालू झाली.

"थांब," मी म्हटलं. "ट्रायल तरी... मी मागे बसते."

"तुम्ही नाही," ती म्हणाली आणि गिअर टाकला.

खट. खट. इंजिनाच्या आवाजातही मला ऐकू आलं. मागचे शॉकअप दोन बोटं खाली बसले. वहिनीला खांद्याच्या खुणेबद्दल मी कधी काही सांगितलेलं नाही. ते आमच्या दोघांतलं होतं. गल्लीच्या टोकाला, वळायच्या आधी, तिने एकदम आपल्या उजव्या खांद्याकडे बघितलं. एकदाच. मग सरळ बघितलं, गाडीचा वेग वाढवला आणि ते वळले.

सहा महिने झाले. ती रोज वेळेवर कामाला पोचते, असं वेल्डर सांगतो. माझ्याशी बोलत नाही. मी आता आधी आवळते, मग ठिपका देते. ट्रायल एकटीच घेते. मागची दोन्ही फूटरेस्टं पाडून ठेवते आणि वळणावर गाडी हळू करते. खांद्यावर अजून काही पडलेलं नाही.